दुपारची मोजणी

मल्लप्पा,

तुझी मान मी पहिल्यांदा सरळ बघितली ती वळसंगला, तुझ्याच शेतात, तुला समाधीत बसवलं तेव्हा. तुमच्यात माणसाला आडवं निजवत नाहीत, मांडी घालून बसवतात, हे ऐकून माहीत होतं; बघितलं नव्हतं. कपाळभर विभूती, डाव्या तळहातावर लिंग, पाठ मातीला टेकलेली आणि मान वर. सात वर्षं आपण एका खोलीत बसलो, पण मला तुझ्या चेहऱ्यापेक्षा तुझी टाळूच जास्त ओळखीची. लोक मूठमूठ माती टाकत होते आणि मला वाटत होतं, आता हा डोळे उघडेल आणि चिडून म्हणेल, "पंत, उजेड अडवू नका की."

मी माती टाकली नाही. हात पुढे झालाच नाही. तुझ्या चुलत्यांनी ते बघितलं आणि मला हळूच बाजूला घेतलं. त्यांना वाटलं, दुःखानं. ते खरं नव्हतं, निदान सगळं खरं नव्हतं. मी ऐकत होतो. इतकी माणसं जमलेली, तुझी बायको आक्रोश करत होती, आणि मी कान देऊन कसली तरी वाट बघत उभा होतो.

आज सोळा दिवस झाले. तुझ्याशी बोलायचं राहिलेलं आता कागदावरच बोलता येईल.

आपली पहिली भेट तुला आठवत नसणार, कारण तू वर बघितलं नव्हतंस. शाळेतली ड्रॉइंग मास्तरची नोकरी सुटल्यावर मी सोलापूरच्या साखर पेठेतल्या त्या मागांच्या कारखान्यात आलो. मालक नरसय्या मला जिन्यावरून वर घेऊन गेले. पत्र्याखालची लांबट खोली, खिडकीशी तू, गुडघ्याला टेकवलेलं उतरतं डेस्क आणि त्यावर बारीक चौकड्यांचा कागद. मालक म्हणाले, "हे दत्तोपंत. लुगड्याच्या काठाची चित्रं हे काढतील, तू ती कागदावरच्या घरांत भरायची." तू "व्हय" म्हणालास, कुंचला चाललाच होता.

तुझं काम तेवढंच होतं, आणि त्या कामात सगळा कारखाना अडकलेला होता. माझ्या चित्रातला मोर किंवा रुईफूल तू त्या चौकड्यांत उतरवायचास. भरलेलं घर म्हणजे धागा वर, रिकामं घर म्हणजे धागा खाली. त्यावरून पुठ्ठ्यांना भोकं पाडायची आणि ते मागावर चढवायचे. एक घर चुकलं की ती चूक काठभर, हातहातभर अंतरावर, लुगडं संपेपर्यंत येत राहायची. मी हौसेनं एक काठ स्वतः भरून बघितला. मला नऊ दिवस लागले आणि अकरा चुका निघाल्या. तुला तसलाच काठ दोन दिवसांत व्हायचा, आणि खोडरबर तुझ्याकडे नव्हतंच.

मला ते सहन झालं नाही, हे आता लिहून टाकतो. मी सगळं आयुष्य वेळापत्रकावर चालवणारा माणूस. पहाटे उठणं, थंड पाण्यानं अंघोळ, अर्धा तास डोळे मिटून एका बिंदूवर लक्ष, मग कामाचे तासतासाचे भाग. डेस्कावर उघडं घड्याळ ठेवून बसायचो. तरी तिसऱ्या ओळीला माझं मन घरच्या गळक्या नळावर, नाहीतर मुलीच्या लग्नावर जायचं. आणि तू, ज्याच्याकडे घड्याळ नव्हतं, न्याहारीची वेळ नव्हती, तू एकदा मान खाली घातलीस की खालच्या पन्नास मागांचा खडखडाटसुद्धा तुला शिवत नसे.

"तुला जमतं कसं?" मी विचारायचो.

"जमत न्हाय. हुतंय."

"काहीतरी रीत असेलच की. सकाळी उठल्यावर काय करतोस?"

"तोंड धुतो."

मी हसायचो नाही. मला वाटायचं, तू मुद्दाम लपवतोस. मी तुला सांगायचो, की मन हे बैलासारखं असतं, त्याला रोज त्याच वेळी जुंपावं लागतं. तू एकदा कुंचला पाण्यात बुडवता बुडवता म्हणालास, "पंत, तुमी मनाला जुपता. पन गाडीत बसलंय कोन, ते कुटं सांगता?" वाद तिथंच अर्धा राहिला, कारण तू परत कागदात गेलास.

तुझ्या समोरचा पाट माझ्या पहिल्याच आठवड्यात लक्षात आला होता. बाभळीचा, बसका, एक कोपरा उडालेला. तुझ्या डेस्काच्या पलीकडे, तुझ्याकडे तोंड करून कुणी बसावं तसा मांडलेला. त्यावर कधी कुणी बसलं नाही. एकदा पुठ्ठे टोचणारा शिवलिंग त्यावर टेकायला गेला तर तू मान वर न करता म्हणालास, "तितं नको." आवाज चढवला नव्हतास. तरी तो चटका बसल्यासारखा उठला.

चैत्रातल्या एका दुपारी मी विचारलंच. बारा ते एक माग बंद असायचे, विणकर खाली जेवायला बसायचे. त्या तासाभरात आपली खोली कशी व्हायची, तुला आठवतं? पत्रा तापून मधूनच कडकड वाजायचा. दाराला भिजवलेलं तरट लावलेलं असायचं, त्याचा ओला वास. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. सोलापूरच्या उन्हात दुपारी बारा वाजता जेवढं निर्जन वाटतं तेवढं मला मसणातही कधी वाटलं नाही.

तू त्या दिवशी सरळ सांगितलंस. इतकं सरळ, की मला आधी कळलंच नाही तू काय सांगतोयस.

तुझी धाकटी बहीण गंगव्वा. तू अठरा वर्षांचा, ती दहाची. मामाकडून हे काम शिकून तू कागद वळसंगला घरी न्यायचास, आणि ती समोर पाटावर बसून बोटानं घरं मोजायची, मोठ्यानं, कानडीत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. ती मोजायची, तू भरायचास. शाळेत न गेलेली पोर, पण तिची मोजणी कधी चुकली नाही. मग लढाई संपली त्या वर्षीची साथ आली. तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी दुपारी तुझी आई विहिरीवर गेली होती. तू ओसरीत काठ भरत होतास, आतून गंगव्वानं हाक मारली, "अण्णा, बा." ये म्हणाली. तू म्हणालास, एवढी ओळ होऊ दे. तिनं परत हाक मारली. तू परत तेच म्हणालास. ओळ पुरी झाली. आत गेलास.

"त्या ओळीत एक बी चूक न्हवती," तू म्हणालास. "मी मागनं तपासली."

मी घड्याळाची किल्ली फिरवत बसलो.

"तवापासनं ती हितं बसून मोजती. मी नुसता हात चालवतो. मोजनी थांबली की मी थांबतो."

"राग नाही तिला?"

"ठावं न्हाय. मोजताना मानूस दुसरं काय बोलतंय व्हय?"

आपल्या भाषेत आपण किती सहज म्हणतो, कामात मन लागलं. कशाला लागलं, कुणाला लागलं, हे कधी विचारत नाही. त्या दुपारी मला तुझ्याबद्दल दया वाटायला हवी होती. ती वाटली, पण जरा उशिरा. आधी वाटला तो हेवा. माझ्यासाठी कुणीच मोजत नव्हतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी मी ते ऐकलं. बाराचा भोंगा होऊन गेला होता. तू भरत होतास, मी चित्राच्या कडा काढत होतो. आधी मला वाटलं, खाली अंगणात कुणाची मुलगी खेळतेय. आवाज बारीक होता, जरा घोगरा, तोंड सुकलेल्या माणसाचा असतो तसा. ऐदु, आरु, एळु, एंटु. आठापर्यंत, मग अंतर. मग परत ओंदु. प्रत्येक आकड्याला तुझ्या कुंचल्याचं टोक कागदाला टेकत होतं. मी उठून खिडकीतून खाली बघितलं. अंगणात ऊन होतं, दुसरं काही नव्हतं. वळलो तर तू माझ्याकडे बघत होतास. सात वर्षांत तू काम चालू असताना वर बघितलंस ते एवढंच.

"आयकलं व्हय, पंत?"

"काय?"

"आयकलं का म्हंतो."

"पत्रा वाजला," मी म्हणालो.

तू बराच वेळ माझ्याकडे बघितलंस. मग मान खाली घातलीस. मल्लप्पा, मी खोटं बोललो. त्या खोलीत तू पंधरा वर्षांचा एकटेपणा घेऊन बसला होतास आणि तुला विचारायला एकच माणूस मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी तू यायच्या आत मी पाट उचलला, धोतराच्या सोग्याखाली धरून घरी नेला आणि बंबात घातला. मनाशी म्हणत होतो, हे आजारपण आहे, त्याची ही खूणच नाहीशी केली की हा बरा होईल. खरं कारण विचारशील तर मला भीती वाटली होती. आणि त्या भीतीखाली, अगदी तळाशी, हेही होतं, की बघू आता याचा हात कसा चालतो.

तू आलास. समोरच्या मोकळ्या फरशीकडे बघितलंस. कुणाला काही विचारलं नाहीस. बसलास, कुंचला ओला केलास आणि तासाभरानं तो तसाच वाळला. त्या आठवड्यात तुझ्याकडून एक ओळ पुरी झाली नाही. पुढं दोन महिने तू रोज येत होतास, मान खाली घालून बसत होतास, बाहेरून बघणाऱ्याला सगळं तेच. पण तू कागदातच नव्हतास. एक काठ कसाबसा दिलास, तो मागावर चढला आणि आठ लुगडी विणून झाल्यावर लक्षात आलं, की प्रत्येक मोराची मान तुटलेली आहे. एक घर रिकामं राहिलं होतं.

नरसय्या लुगडं हातात घेऊन वर आले. "एमय्या मल्लप्पा, हे काय केलंस? तुझ्या हातचं हाय का हे?"

तू तुटलेल्या मानेवरून बोट फिरवलंस आणि म्हणालास, "न्हाय. माज्या हातचं न्हाय."

मालक तुला जा म्हणाले नाहीत. तूच डेस्क पुसलंस, कुंचले धुऊन माझ्याकडे दिलेस आणि वळसंगला निघून गेलास.

तुझं काम माझ्याकडे आलं. मी वेळापत्रक नव्यानं आखलं, घड्याळ तुझ्या डेस्कावर ठेवलं आणि पहिले आठ दिवस मला वाटलं, जमलं. मग एका दुपारी, माग थांबल्यावर, मोजणी सुरू झाली. तू नव्हतास, पाट नव्हता. मला वाटलं होतं ती तुझ्याबरोबर गेली असेल. ओंदु, एरडु, मूरु. मी कुंचला टेकवत गेलो. न टेकवून करणार काय? नाल्कु, ऐदु, आरु, एळु. आणि आवाज थांबला. मी वाट बघितली. शेवटी खाली कागदाकडे बघितलं. सातवं घर मी भरलं होतं. ते रिकामं ठेवायचं होतं.

मी ते खोडलं. पलीकडून कुणीतरी श्वास सोडल्यासारखं झालं, आणि एंटु.

तुला हसू येईल, पण त्या तीन-साडेतीन महिन्यांत मी आयुष्यात कधी केलं नव्हतं इतकं काम केलं. एकही चूक नाही. नरसय्या खूश होते. घरी मात्र मी काय जेवतोय ते मला कळत नसे. माझ्या मुलीनं एकदा तीन हाका मारल्या आणि मी, देवाशपथ, तिला म्हणालो, "थांब, एवढी ओळ..." घरी माझ्यापुढे कागदच नव्हता. मी ताटावर बसलो होतो.

तेव्हा मी अक्कलकोटच्या मोटारीत बसलो आणि वळसंगला तुझ्याकडे आलो.

तू खळ्यात होतास. तुझी तीन वर्षांची लेक खांद्यावर, तिचे पाय तुझ्या छातीवर, आणि तू मान मागं टाकून तिच्याशी कानडीत काहीतरी बडबडत होतास. मी दुरून बघत उभा राहिलो. मला परत फिरायला हवं होतं. शांतव्वावहिनींनी मला ताक दिलं आणि तू हातपाय धुवायला गेलास तसं हळूच म्हणाल्या, "पंत, त्येस्नी न्यायला आला असाल तर नका नेऊ. आता बोलत्यात. पोरीला चिमणी दाखवत्यात. लगीन झाल्यापासनं माज्याकडं बघून जेवलं न्हवतं हे मानूस."

मी म्हणालो, "मी नुसता भेटायला आलोय, वहिनी."

आणि विहिरीच्या वाटेवर तुला म्हणालो, "मल्लप्पा, परत चल. मला एकट्याला होत नाही."

तू विचारलंस, "ती हाय का तितं?"

याला मी होही म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. नुसतं म्हणालो, "तू चल." तेवढ्यानं तुला कळलं. तुझा चेहरा एकदम उजळला आणि लगेच असा काही थकला, की मी नजर वळवली. दुसऱ्या दिवशी तू निघालास. मोटारीत खिडकीबाहेर बघत म्हणालास, "बाभळ जळताना धूर लई करती. न्हाय, पंत?"

मी म्हणालो, "कसली बाभळ?"

तू मान हलवलीस. रागावलेला नव्हतास. मला अजून वाटतं, तू रागावला असतास तर मी सगळं सांगून टाकलं असतं.

परत आल्यावर तू पाट मागितला नाहीस. तू आपल्याच बैठकीवर एका कडेला सरकून बसायला लागलास, शेजारी हातभर जागा सोडून. हात पूर्वीपेक्षा जलद चालू लागला. मला मात्र त्यानंतर एकदाही मोजणी ऐकू आली नाही, आणि मी, काय सांगू, सुटलो म्हणून रात्री गाढ झोपू लागलो. तू वाळत गेलास. डबा उघडायचा राहून जायचा. मी बघत होतो. वहिनींचे दोन निरोप आले, सणाला तरी पाठवा म्हणून. मी तुला सांगितले, पण कसे सांगितले? तुझा कुंचला चालू असताना.

शेवटच्या दुपारचं कुणालाच नीट सांगितलेलं नाही. सगळ्यांना म्हणालो, बसल्याबसल्या गेला. तसं झालं नाही. माग थांबले होते. तू ओळीच्या मध्यावर होतास, आणि तू कुंचला खाली ठेवलास. मध्यावर. मी तुला असं करताना कधी बघितलं नव्हतं म्हणून माझा हात थांबला. तू दाराकडे बघितलंस, आई-बापानं बोलावल्यावर मूल बघतं तसं, आणि म्हणालास, "बंदे." आलो. उठलास, धोतर झटकलंस, दोन पावलं नीट टाकलीस. तिसऱ्याला पडलास. दाराचं ओलं तरट जराही हललं नव्हतं. मी धावलो तेव्हा तुझे डोळे उघडे होते आणि त्यांत भीती नव्हती, एवढं मी शपथेवर सांगतो. एवढंच मला वहिनींना सांगायचं होतं.

परवा त्यासाठी परत वळसंगला गेलो. वहिनी चुलीपुढं होत्या. मी उंबऱ्याशी बसलो आणि सगळं सांगितलं. पाट मी जाळला, ऐकलेलं ऐकलं नाही म्हणालो, शेवटची दुपार, सगळं. त्या भाकरी थापत होत्या. हात एकदाही थांबला नाही. मला वाटलं आता त्या मला हाकलून देतील.

"पाट तुमी जाळला व्हय," त्या म्हणाल्या. "म्या किती येळा मनात म्हनलं हुतं, जाळावा म्हून. धाडस झालं न्हाय." मग तव्यावरची भाकरी उलटली. "चार म्हैनं हितं हुते. पोरगीला बापाचं तोंड ठावं झालं. ते तुमच्यामुळं झालं, पंत. आता तुमीच सांगताय म्हून कळलं."

मी रडलो, मल्लप्पा. तुझ्या मातीला रडलो नव्हतो.

त्यांनी माझ्यापुढं ताट ठेवलं, भाकरी, शेंगाची चटणी, वर कांदा फोडून. समोर बसल्या. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "पन मग माघारी कशाला न्हेलात?"

मी तुझं नाव पुढं करू शकलो असतो. त्याचंच मन लागत नव्हतं, असं म्हणता आलं असतं. मालकांचं म्हणता आलं असतं.

"माझ्यासाठी, वहिनी," मी म्हणालो. "मला भीती वाटत होती."

"व्हय," त्या म्हणाल्या.

बाहेर तुझी लेक कोंबड्यांमागं पळत होती. वहिनी उठल्या, तिला हाक मारून आत घेतलं, तिचे हात धुतले आणि माझ्या ताटाशेजारी तिचं ताट मांडलं. ती माझ्याकडे बघत बघत जेवली. मीही दुसरीकडे कुठं बघितलं नाही.